पाहणे आणि समजणे : वर्गातील दृक्-साधनांविषयी काही विचार

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

डोळा आणि कान यांत चार बोटांचे अंतर, असे जुने लोक म्हणतात. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पाहून खात्री करावी, हा त्यातील अर्थ. शिक्षणक्षेत्रातही हे तत्त्व मान्य झाले आणि तक्ते, नकाशे, पृथ्वीगोल, चित्रपट, दूरदर्शन, संगणक अशी साधने एकामागून एक वर्गात आली. आज पुष्कळ महाविद्यालयांत निदान एका वर्गात तरी प्रोजेक्टर टांगलेला असतो आणि बहुतेकांच्या खिशात मोबाइल असतो. तेव्हा दाखवण्याची सोयच नाही, अशी तक्रार आता फारशी करता येणार नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. जे डोळ्यांना दिसले ते बुद्धीला समजले काय? कान आणि डोळा यांत चार बोटांचे अंतर असेल, तर डोळा आणि समज यांत किती? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा भूगोलाच्या एका विद्यार्थ्याच्या दृष्टीने विचार केला आहे.

हा विषय निवडण्याचे कारण थोडक्यात सांगतो. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. घरी क्रमिक पुस्तकांखेरीज पुस्तक नव्हते. नकाशा तर नव्हताच. ज्यांच्या घरी पुस्तके, प्रवास आणि गप्पागोष्टी यांची परंपरा असते, त्यांच्या मनात शब्द ऐकताच त्यामागचे चित्र उभे राहते. ज्याने समुद्र पाहिला नाही त्याला 'समुद्रबूड जमीन' हा शब्द नुसता पाठ करावा लागतो. फियॉर्ड, त्रिभुज प्रदेश, हिमोढ असे कितीतरी शब्द आम्ही शाळेत पाठ केले आणि त्यांवर गुणही मिळवले. फार काय, लाव्हारसाच्या पठारावर जन्म घेऊनही त्या पठाराची व्याख्या मात्र तोंडपाठ केली! आमच्यापैकी अनेकांसाठी वर्गात दाखवलेले चित्र हेच पहिले आणि बहुधा एकमेव चित्र असते. ते नीट दाखवले गेले नाही, तर ज्यांच्या घरी दुसरी सोय आहे त्यांचे थोडे अडते. आमचे मात्र सारेच अडते. म्हणून हा केवळ यंत्रांचा प्रश्न नाही.

चित्रापासून उपग्रहापर्यंत

चित्राच्या साहाय्याने शिकवण्याची कल्पना नवी नाही. मोराव्हियातील शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनी १६५८ साली मुलांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. 'ऑर्बिस पिक्टस' या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. त्यात प्रत्येक पाठाला चित्र होते. पण त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की चित्रातील वस्तूंना क्रमांक दिलेले होते आणि तेच क्रमांक मजकुरातील शब्दांना होते. मुलाने चित्रातील वस्तू पाहावी, तिचा क्रमांक पाहावा आणि मग शब्द वाचावा. चित्र एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, असे न होता दोहोंची गाठ बांधलेली होती. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही साधी युक्ती आजच्या महागड्या यंत्रांनाही शिकण्यासारखी आहे.

पुढे फळा आला. एडिंबरो येथील शिक्षक जेम्स पिलन्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फळा आणि रंगीत खडू यांचा उपयोग भूगोल शिकवण्यासाठी केला. त्याच शतकाच्या अखेरीस आपल्या कल्याणमध्ये पटवर्धन मंडळींनी 'शांबरिक खरोलिका' हा काचेवरील चित्रे पडद्यावर दाखवण्याचा खेळ सुरू केला. तो मनोरंजनाचा खेळ होता. परंतु चित्र पडद्यावर आणि निवेदन कानावर, अशी जोड त्यातही होती.

आपल्या देशातील सर्वांत धाडसी प्रयोग म्हणजे 'साइट' हा उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष तो चालला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम थेट पोहोचवले गेले. आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान ही ती सहा राज्ये. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या, सुमारे दहा फूट व्यासाच्या छत्र्या गावागावांत उभारल्या गेल्या. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम असत. ज्या गावांनी वर्तमानपत्रही क्वचितच पाहिले होते, तेथे एकदम आकाशातून चित्र उतरले!

त्यानंतर १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा उपक्रम सुरू केला. परंतु त्यातील कार्यक्रम प्रामुख्याने इंग्रजीत असत. मराठी मुलांसाठी पुण्यात १९८४ साली सुरू झालेल्या 'बालचित्रवाणी'ने मराठीत शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. ती संस्था २०१७ साली बंद झाली. केवळ शिक्षणासाठी बनवलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी अवकाशात गेला आणि २०१० मध्ये त्याचे कार्य संपले. अलीकडच्या काळात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून पुस्तकाच्या पानावरून थेट चित्रफितीपर्यंत जाण्याची वाट दाखवली. २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले.

या साऱ्या इतिहासावरून एक गोष्ट ध्यानात येते. यंत्रे येतात आणि जातात. उपग्रहाचे आयुष्य संपते, संस्था बंद पडते; परंतु चित्र आणि शब्द यांची गाठ कशी बांधावी, हा कोमेनियसचा प्रश्न आहे तेथेच राहतो.

पाहिल्याने लक्षात का राहते?

या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. कॅनडातील अ‍ॅलन पैव्हिओ यांनी १९७१ साली असे प्रतिपादन केले, की आपले मन शब्द आणि प्रतिमा यांची नोंद दोन वेगवेगळ्या मार्गांनी ठेवते. एखादी गोष्ट दोन्ही मार्गांनी नोंदली गेली, तर ती आठवण्यासाठी एकाऐवजी दोन दारे मिळतात. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी १९८८ साली दुसरी बाजू मांडली. मनाची एका वेळी माहिती हाताळण्याची शक्ती अगदी मर्यादित असते. तीवर अनावश्यक ओझे टाकले, तर शिकण्यासाठी जागाच उरत नाही. अमेरिकेतील रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून असे आढळले, की चित्रासोबत बोललेले शब्द असतील तर विषय अधिक चांगला समजतो. परंतु तेच शब्द पडद्यावर लिहून पुन्हा मोठ्याने वाचून दाखवले, तर फायदा होण्याऐवजी अनेकदा अडथळाच होतो. कारण डोळे एकाच वेळी चित्रही पाहू शकत नाहीत आणि ओळीही वाचू शकत नाहीत.

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. काही विद्यार्थी 'डोळ्यांनी शिकणारे' आणि काही 'कानांनी शिकणारे' असतात, असे आपण सर्रास ऐकतो. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ साली याविषयीच्या संशोधनाची छाननी केली. अशी विभागणी करून शिकवल्याने अधिक लाभ होतो, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. तेव्हा चित्र हे काही निवडक विद्यार्थ्यांसाठी नसून सर्वांसाठी आहे. ते कोठे वापरावे हे विषयावर ठरते. कवितेची लय कानानेच कळेल. डोंगराचा उतार मात्र डोळ्यांपुढेच आला पाहिजे.

समोच्च रेषांचे उदाहरण

आता आमच्या विषयातील एक उदाहरण घेतो. द्वितीय वर्षाच्या प्रात्यक्षिकात भारतीय सर्वेक्षण खात्याचे स्थलनिर्देशक नकाशे वाचावे लागतात. १ : ५०,००० या प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. पाणी निळ्या रंगात, जंगल हिरव्या, लागवडीखालील जमीन पिवळ्या आणि उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी रंगात असतात. या रेषा साधारणपणे दर २० मीटर उंचीला काढलेल्या असतात. उदाहरणार्थ, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे त्याचा माथा १,६४० मीटरच्या रेषेच्या आत येणार. रेषा जवळजवळ असतील तर चढ तीव्र आणि दूरदूर असतील तर सौम्य. रेषांचे टोक उंच भागाकडे वळले असेल तर ती घळ किंवा दरी. सखल भागाकडे वळले असेल तर ती डोंगराची सोंड.

हे सारे नियम एका दमात सांगता येतात आणि रात्रीत पाठही होतात. पण कागदावरच्या वेटोळ्या रेषांतून उभा डोंगर दिसणे ही वेगळीच गोष्ट आहे. आमच्या वर्गात प्रथम हे नियम प्रोजेक्टरवर आले, ते इंग्रजी वाक्यांच्या रूपाने. आम्ही ते वहीत उतरवून घेतले. दृक्-साधन वापरले गेले खरे, पण त्यात 'दृक्' असे काही नव्हते. फळ्याऐवजी भिंतीवरून नोंदी उतरवल्या, एवढेच.

पुढच्या तासाला आमच्या सरांनी एक मोठा बटाटा आणला. तो मधोमध कापला आणि सपाट बाजू खाली करून काचेच्या भांड्यात ठेवला. भांड्यात बोटभर पाणी ओतले आणि पाण्याची कड जेथे बटाट्याला टेकली तेथे स्केचपेनने रेघ मारली. पुन्हा पाणी, पुन्हा रेघ. मग बटाटा बाहेर काढला आणि वरून पाहायला सांगितले. एकात एक अशी वर्तुळे दिसत होती. जेथे बटाटा उभट होता तेथे रेघा चिकटलेल्या, जेथे पसरट होता तेथे लांब. भांड्याभोवती सगळा वर्ग मावत नव्हता. तेव्हा सरांनी पुस्तकांच्या दोन चळतींवर पट्टी आडवी टाकून तीवर मोबाइल ठेवला आणि वरून दिसणारे दृश्य प्रोजेक्टरवर सोडले. मागच्या बाकावरच्यालाही रेघ उमटताना दिसली. यंत्राचा खरा उपयोग तो हा! बटाट्याचे काम यंत्राने केले नाही. बटाटा सर्वांपर्यंत नेण्याचे काम त्याने केले.

ते पाहताना मला आमच्या गावाचा पाझर तलाव आठवला. उन्हाळ्यात त्याचे पाणी उतरत जाते, तसतशी काठावर एकाखाली एक गाळाची कड उमटत जाते. बांधावर उभे राहून पाहिले तर अख्ख्या तलावाला वेढे पडलेले दिसतात. ते वेढे म्हणजे निसर्गाने काढलेल्या समोच्च रेषाच होत. मी मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून आणले आणि सरांनी ते नकाशाशेजारी पडद्यावर दाखवले. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले खेड्यातील. त्यांना दुसरे काही सांगावे लागले नाही.

सुट्टीत मी आमच्या भागाच्या नकाशाची प्रत घरी नेली होती. आमचे अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी असा नकाशा कधी पाहिला नव्हता. "ही कसली जाळी?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "अण्णा, तळ्याचं पाणी उतरताना कड उमटती ना, तशी डोंगराला कड धरलीय." ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग जेथे रेषा दाट झाल्या होत्या तेथे बोट ठेवून म्हणाले, "हितनं गुरं चढत न्हाईत." पुस्तकात ज्याला 'तीव्र उतार' म्हणतात तो त्यांनी जन्मभर पायाखाली घातलेला होता. त्यांच्याजवळ ज्ञान होते. ते कागदावर कसे दिसते, एवढेच त्यांना कोणी दाखवले नव्हते. आमची गोष्ट नेमकी उलट होती. आमच्याजवळ कागद होता, पण त्यामागचा डोंगर नव्हता.

त्यानंतर सरांनी संगणकावर उपग्रहाने टिपलेले आमच्याच तालुक्याचे दृश्य दाखवले. ते तिरके करता येते, फिरवता येते; सपाट चित्रातून डोंगर उभे राहतात. हे पाहणे आनंदाचे होते यात शंका नाही. परंतु माझे असे स्पष्ट मत झाले आहे, की हे दृश्य पहिल्याच दिवशी दाखवले असते तर आम्ही "वा!" म्हणून घरी गेलो असतो. बटाट्यावर रेघ उमटताना पाहिली, तलावाची कड आठवली, स्वतः पेन्सिलीने छेद काढला आणि मग ते दृश्य पाहिले. म्हणून त्यात काय पाहायचे ते कळले.

डोळ्यांची फसवणूक

चित्र समजावून देते तसे फसवतेही. १५६९ साली मर्केटर यांनी तयार केलेला जगाचा नकाशा खलाशांसाठी होता. त्यावरील सरळ रेषा होकायंत्राची एकच दिशा दाखवते, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्यासाठी ध्रुवांकडील प्रदेश अतिशय फुगवून दाखवावे लागतात. इंटरनेटवरील पुष्कळ नकाशे आजही याच पद्धतीवर आधारलेले असतात. अशा नकाशावर ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. भारत त्या नकाशावर ग्रीनलंडपुढे लहान दिसतो. वस्तुतः भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे ग्रीनलंडच्या दीडपट आहे.

ही फसवणूक उघड करायला महागडे साधन लागत नाही. पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून ग्रीनलंड गिरवावे, कापावे आणि त्याच गोलावर भारतावर ठेवून पाहावे. तेव्हा चित्र दाखवताना 'हे काय आहे' एवढेच न सांगता 'हे कोणी, कशासाठी काढले आणि यात काय दिसत नाही' हेही विचारले पाहिजे. आज मोबाइलवर दिवसभर चित्रांचा पाऊस पडत असताना ही सवय केवळ भूगोलाच्या परीक्षेपुरती राहत नाही.

आपल्या वर्गांतील अडचणी

प्राध्यापकवर्गाविषयी पूर्ण आदर राखून काही अडचणी नमूद कराव्याशा वाटतात. पहिली, पडद्यावरील मजकुराची गर्दी. एका दृश्यात वीस ओळी असल्या की शेवटच्या बाकावरून काहीच वाचता येत नाही आणि सारा तास उतरवून घेण्यात जातो. दुसरी अडचण भाषेची. आम्ही परीक्षा मराठीतून देतो. पडद्यावरील आकृतीतील नावे मात्र इंग्रजीत असतात. चित्र एका भाषेत आणि उत्तर दुसऱ्या भाषेत, मग गाठ बसणार कशी? तिसरी, न थांबणारी चित्रफीत. खोलीत अंधार, पडद्यावर वीस मिनिटे हलती चित्रे आणि शेवटी दिवे लागले की तास संपला. मध्ये प्रश्न नाही, की काही लिहिणे नाही.

चौथी अडचण अशी, की दृक्-साधनांचा विचार करताना ज्यांना दिसत नाही त्यांचा आपल्याला विसर पडतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याला "हे पाहा" या दोन शब्दांचा काहीही उपयोग नाही. कागदावर सुतळी चिकटवून केलेल्या समोच्च रेषा किंवा पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून केलेला डोंगर त्याला बोटांनी 'पाहता' येतो. आणि खरे सांगायचे तर तो डोळसांनाही अधिक चांगला समजतो. काहींना लाल आणि हिरवा हा भेद नीट कळत नाही. त्यांच्यासाठी रंगाबरोबर अक्षर किंवा चिन्हही द्यावे. वीज जाणे ही तर नेहमीचीच गोष्ट. ज्याच्याजवळ खडू आहे त्याचा तास मात्र वीज गेली म्हणून अडत नाही.

काही सूचना

केवळ दोष दाखवून थांबणे योग्य नव्हे. म्हणून माझ्या अल्पमतीनुसार काही सूचना करतो. चित्र किंवा चित्रफीत दाखवण्यापूर्वी एक प्रश्न फळ्यावर लिहावा, म्हणजे काय शोधायचे ते आम्हाला कळेल. चित्रफीत दर तीन-चार मिनिटांनी थांबवावी आणि पुढे काय होईल ते विचारावे. दाखवून झाल्यावर पडदा बंद करून तीच आकृती आम्हाला आठवणीने काढायला सांगावी. जेथे पेन्सिल अडते तेथेच आमचे न समजलेले असते. पडद्यावर चित्र आणि मोजकी मराठी नावे असावीत. स्पष्टीकरण तोंडीच असावे. आकृती फळ्यावर टप्प्याटप्प्याने काढण्याची पद्धत सोडू नये. खडूची रेघ जेवढ्या वेगाने पुढे सरकते, तेवढ्याच वेगाने आमचा विचारही सरकतो.

विद्यार्थिबंधूंनाही एक विनंती आहे. आपण केवळ पाहणारे राहू नये. आपल्यापैकी बहुतेकजण वेगवेगळ्या गावांहून येतो. प्रत्येकाने आपल्या गावाचा हाताने काढलेला एक नकाशा आणि तीन-चार छायाचित्रे आणली, तर वर्षभरात भूगोल विभागाचा स्वतःचा चित्रसंग्रह उभा राहील. ओढ्याने कापलेला काठ, विहिरीच्या कडेला दिसणारे मुरूम आणि खडकाचे थर, उतारावरील ताली, आटत चाललेला तलाव, असे पाठ्यपुस्तकात नसलेले पण पाठ्यपुस्तकच समजावून देणारे कितीतरी विषय आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. प्रत्येक चित्राखाली दोन नावे लिहावीत. एक शास्त्राने दिलेले आणि एक आपल्या गावात रूढ असलेले. घळ, सोंड, माळ, ओहोळ, खिंड हे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहेत. ते त्यांना विचारून घ्यावेत.

हा संग्रह संगणकावर ठेवला, तर पुढील वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांना तो आयता मिळेल. त्यांतही घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात येणारे अनेक असतील. त्यांना 'तीव्र उतार' हा शब्द पाठ करण्याआधी तो कोणाच्या तरी गावच्या डोंगरावर पाहता यावा. विभागप्रमुखांनी परवानगी दिल्यास येत्या जूनमध्ये पहिला नकाशा आणून देण्यास मी तयार आहे.